भिंतीवरची रेघ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुम्हाला एका रेघेची गोष्ट सांगणार आहे. ही रेघ आमच्या नारायण पेठेतल्या घराच्या भिंतीवर होती. १२ जुलै १९६१ रोजी मुठा नदीच्या पाण्याने ती काढली, आणि चार वर्षांनी माझ्या वडिलांनी ती पुसली. ती का पुसली आणि पुसल्यावर काय झाले, हे सांगता सांगता आपण थोडा इतिहास बघू. घर विकताना, विकत घेणाऱ्याला 'इथे पूर येतो' हे सांगायचे की नाही, आणि सांगायचे तर कोणी, या प्रश्नाचा हा इतिहास आहे. आज आपण सगळेच कधी ना कधी घर घेतो किंवा विकतो, म्हणून तो ऐकण्यासारखा आहे.

त्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. पानशेतचे धरण अंबी नदीवर बांधले जात होते आणि जवळजवळ पुरे होत आले होते. पाऊस जोराचा होता. धरण वाचवण्यासाठी लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या, एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या धरणावर येऊन आदळले आणि तेही टिकले नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला. नदीकाठच्या पेठा, डेक्कन जिमखाना, सगळीकडे पाणी शिरले. माती-विटांचे जुने वाडे बसत गेले. आम्ही मामांकडे वरच्या अंगाला पळालो होतो म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर परत आलो तर पुण्याला प्यायला पाणी नव्हते, कारण शहराला पाणी देणारे धरणच फुटले होते. इकडे घरात गुडघाभर गाळ आणि तिकडे नळ कोरडे, असे विचित्र दिवस होते ते.

आमचे घर लहान होते. खाली दोन खोल्या, वर माडी. पण खालचा मजला दगडी होता, म्हणून ते उभे राहिले. गाळ उपसल्यावर खालच्या खोलीच्या भिंतीवर चारही बाजूंनी एक तपकिरी रेघ दिसली. ओळंबा लावून काढावी तशी सरळ. वडील उभे राहिले की ती त्यांच्या डोक्याच्या वीतभर वर यायची. आम्हा मुलांना तिची गंमत वाटे. आई मात्र त्या भिंतीकडे पाठ करून स्वयंपाक करी.

१९६५ साली वडिलांनी ते घर विकायला काढले. थोरल्या बहिणीचे लग्न ठरले होते आणि पुरानंतरचे कर्ज फिटले नव्हते. गिऱ्हाईक मिळाले ते नगरहून बदली होऊन आलेले एक कारकून. तरुण, नुकतेच लग्न झालेले. पुण्यात पूर आला होता हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते, पण आमच्या भिंतीवर पाणी कुठवर चढले होते हे त्यांना कसे कळणार? ते घर बघायला येणार त्याच्या आदल्या आठवड्यात वडिलांनी खालच्या खोल्यांना चुना लावून घेतला. एका हाताने रेघ गेली नाही. दुसरा हात झाला, तिसरा झाला. मग ती दिसेनाशी झाली. आई काही बोलली नाही. आमच्या घरात त्या दिवशी कोणीच काही बोलले नाही.

आता या घटनेकडे कायद्याच्या बाजूने बघू.

पुष्कळांना वाटते की घेणाऱ्याने सावध राहावे, विकणाऱ्यावर काही बंधन नाही, हाच आपला जुना कायदा आहे. ते अर्धेच खरे आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्याच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत, आणि त्यातले पहिलेच कर्तव्य सांगण्याचे आहे. मालमत्तेत किंवा मालकीहक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला ठाऊक नसेल, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितला पाहिजे. न सांगणे म्हणजे कपट, असेही त्याच कलमात पुढे म्हटले आहे. करार वेगळे ठरवत असेल तर गोष्ट निराळी, पण मूळ नियम हा.

त्याच्याही दहा वर्षे आधीचा, १८७२ चा, कराराचा कायदा. तो म्हणतो की नुसते गप्प बसणे म्हणजे सहसा कपट नव्हे; पण ठाऊक असलेली गोष्ट हाताने झाकणे हे कपट. म्हणजे आमच्या वडिलांनी रेघ तशीच ठेवून तोंड बंद ठेवले असते, तर वकिलांना वाद घालायला जागा होती. चुन्याचा कुंचला हातात घेतला तिथे ती जागा संपली.

मग कायदा इतका स्पष्ट असताना पुराची गोष्ट विक्रीच्या वेळी निघत का नाही? मेख आहे ती 'साधारण काळजी' या दोन शब्दांत. नदी तर समोर दिसते आहे, ओढा तर सगळ्यांना ठाऊक आहे, मग घेणाऱ्याने विचारले का नाही, असे विकणारा म्हणू शकतो. आणि एका काळी त्याचे म्हणणे बरोबरही होते. कारण एका काळी गावच सांगत असे.

कसे सांगत असे? नावांनी सांगत असे. कृष्णाकाठी नदीलगतच्या गाळाच्या जमिनीला मळी म्हणतात. मळी म्हटले की तिथे पीक उत्तम आणि घर बांधायचे नाही, हे लहान पोरालाही कळे. कोकणात खाजण म्हटले, खार म्हटले, की भरतीचे पाणी आलेच. मोजमापानेही गाव सांगत असे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, यावरून कोणत्या गल्लीने आवराआवर करायची ते ठरते. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. नृसिंहवाडीला तर पाणी देवळात येते तो सोहळाच असतो. कृष्णेचे पाणी दत्तमंदिराच्या दक्षिणद्वारातून बाहेर पडते तेव्हा लोक स्नानाला जमतात आणि उत्सवमूर्ती वरच्या देवळात नेऊन ठेवतात. पूर येणार हे तिथे गृहीतच आहे, आणि देवाचे सामान कुठे हलवायचे हेही ठरलेले आहे.

कागदही सांगत असत. जुनी खरेदीखते पाहा. त्यात चतुःसीमा असते. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस सरकारी रस्ता, पश्चिमेस ओढा. ओढा कागदावर असे, सहीच्या वरच असे. आता आपल्या फ्लॅटचा करारनामा काढून बघा. चतुःसीमा तिथेही असते. पण पूर्वेस जिना, पश्चिमेस लिफ्ट, उत्तरेस फ्लॅट क्रमांक अमुक. फ्लॅटचा शेजारी फ्लॅट झाला आणि ओढा कागदावरून नाहीसा झाला. जमिनीवरून तो गेला नाही, हे आपल्याला नंतर कळते.

पुण्याच्या आंबिल ओढ्याचेच उदाहरण घ्या. हा ओढा कात्रजच्या डोंगराकडून येतो. पूर्वी तो शहराच्या वस्तीतून वाहत मुठेला मिळे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून पाणी शहरात आणले, पर्वतीपाशी तळे केले आणि ओढ्याचा प्रवाह दत्तवाडीच्या बाजूला वळवला. शहर वाढायचे तर ओढा हलवावा लागतो, हे पेशव्यांनाही ठाऊक होते. पण त्यांनी त्याला दुसरी वाट दिली. गेल्या पन्नास वर्षांत आपण ती दुसरी वाटही दोन्ही बाजूंनी आवळत नेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला भयंकर पाऊस झाला आणि हाच ओढा घराघरांत शिरला. माणसे गेली, गाड्या एकावर एक चढल्या. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर लोक सांगत होते, इथे ओढा आहे हे आम्हाला माहीत होते, पण तो एवढा आहे हे माहीत नव्हते.

मुंबईत त्याच्या चौदा वर्षे आधी हेच झाले होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी ही नदी आहे, नाला नव्हे, हे कितीतरी मुंबईकरांना त्या दिवशी समजले. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, नदीचे पात्र कुठे कसे आक्रसले याचा हिशेब झाला. पण काठावरचा फ्लॅट विकत घेणाऱ्याच्या हातात त्या हिशेबातला एकही कागद गेला नाही.

म्हणजे गाव सांगेनासे झाले. कारण गावच बदलले. नगरचा माणूस पुण्यात आला, पुण्याचा ठाण्यात गेला. त्याला मळी आणि माळ यांतला फरक कोण सांगणार? मग हे काम सरकारने करायला हवे होते. त्या दिशेने पावले पडली, पण ती अर्ध्या वाटेवर थांबली.

पानशेतनंतर सरकारने एक शहाणपणाची गोष्ट केली. पूरग्रस्तांना ज्या नव्या वसाहतींत जागा दिल्या, त्यांतल्या कितीतरी नदीपासून दूर, उंचावर होत्या. सहकारनगर पर्वतीच्या पायथ्याशी, गोखलेनगर टेकडीच्या कुशीत. तोंडाने कोणी म्हटले नसेल, पण त्या वाटपाचा अर्थ एवढाच होता की काठावर राहू नका. मात्र काठावरच्या रिकाम्या झालेल्या जागा रिकाम्या राहिल्या नाहीत.

१९७५ साली केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना एक नमुना विधेयक पाठवले. नदीकाठच्या पूरक्षेत्राची मोजणी करा, त्याचे विभाग पाडा, कुठे काय बांधायचे ते कायद्याने ठरवा, असा त्याचा आशय. मणिपूरने १९७८ मध्ये आणि राजस्थानने १९९० मध्ये तसे कायदे केले. महाराष्ट्राने वेगळा कायदा केला नाही. आपण पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकावर काम चालवले. ते परिपत्रक १९८९ चे. निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांत येतात, ते तिथून.

या रेषा काय आहेत ते थोडक्यात सांगतो, कारण घर घेणाऱ्याने समजून घ्यायची खरी गोष्ट हीच. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी किंवा नदीपात्रात मावते त्याच्या दीडपट पाणी, यांतले जे जास्त असेल ते जिथवर पोचते तिथे निळी रेषा. तिच्या आत निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, मैदान, हलकी पिके, एवढेच. सरासरी १०० वर्षांतून एकदा येणारा मोठा पूर जिथवर पोचतो, तिथे लाल रेषा. वर धरण असेल तर त्याच्या सांडव्यावरून येणारे जास्तीत जास्त पाणीही तिच्यात हिशेबात धरतात. निळी आणि लाल यांच्या मधले ते नियंत्रित क्षेत्र. तिथे अटी पाळून बांधता येते. मुख्य अट ही की राहायची जमीन पुराच्या पातळीच्या वर पाहिजे.

आता 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी फार फसगत होते. माणसाला वाटते, २०१९ मध्ये येऊन गेला ना, आता एकदम २११९ ला. तसे नाही. त्याचा अर्थ असा की दर वर्षी तो येण्याची शक्यता शेकडा एक आहे, काल येऊन गेला असला तरीही. तुम्ही २० वर्षांचे कर्ज काढून लाल रेषेवर घर घेतलेत, तर हप्ते फिटेपर्यंत तो पूर एकदा तरी बघण्याची शक्यता शेकडा १८ होते. म्हणजे साधारण साडेपाच घरांमागे एक. आणि निळ्या रेषेवर घर असेल तर हीच शक्यता शेकडा ५६. पूर न येण्यापेक्षा येण्याचीच जास्त. बँकेतला माणूस व्याजाचा दर पाव टक्क्याने कमी झाला तर तुम्हाला फोन करून सांगतो. हा आकडा मात्र कोणी सांगत नाही.

रेषा आखल्या गेल्या, नकाशे झाले. ते पाटबंधारे खात्यात, ज्याला आता जलसंपदा विभाग म्हणतात, तिथे असतात. महापालिकेच्या विकास आराखड्यातही असतात. बांधकाम परवानगी देताना ते बघितले जातात किंवा बघितले जायला हवेत. पण या सगळ्या व्यवहारात रेषा जाते ती खात्याकडून पालिकेकडे आणि पालिकेकडून बांधणाऱ्याकडे. ज्याला त्या घरात झोपायचे आहे त्याच्यापर्यंत ती आपण होऊन पोचत नाही.

फ्लॅटच्या व्यवहारासाठी महाराष्ट्राने १९६३ साली कायदा केला. त्याला आपण मोफा म्हणतो. बांधणाऱ्याने जमिनीच्या मालकीहक्काची, बोज्यांची, नकाशांची पूर्ण आणि खरी माहिती द्यावी, असे त्यात म्हटले. पानशेतला दोन वर्षे झाली होती. तरी पुराचा उल्लेख त्या माहितीत आला नाही. तेव्हा भीती होती ती फसवणुकीची, एकच फ्लॅट दोघांना विकण्याची. मग २०१६ चा रेरा आला. तो फार मोठा बदल होता यात शंका नाही. मंजूर नकाशे, जागेच्या सीमा, मुदत, सगळे संकेतस्थळावर टाकावे लागते. जाहिरातीत खोटे सांगितले तर भरपाई मागता येते. बांधकामातला दोष पाच वर्षांत निघाला तर तो दुरुस्त करून द्यावा लागतो. पण बांधणाऱ्याने सांगायच्या गोष्टींच्या यादीत, 'ही जागा पूररेषेच्या आत आहे काय?' हा साधा प्रश्न तिथेही स्वतंत्रपणे नाही. आणि जुने घर एका माणसाने दुसऱ्याला विकले, तर तिथे रेरा फारसा येतच नाही. तिथे अजून १८८२ चेच कलम, आणि ती 'साधारण काळजी'.

इतर देशांनी काय केले ते बघू.

अमेरिकेने १९६८ मध्ये सरकारी पूरविमा आणला आणि त्यासाठी गावोगावचे पूरनकाशे केले. १९७३ पासून पूरक्षेत्रातल्या घराला कर्ज घ्यायचे तर विमा सक्तीचा झाला. पण विकणाऱ्याने सांगितलेच पाहिजे का, हे तिथे ज्या त्या राज्यावर राहिले. न्यूयॉर्क राज्यात तर मौज होती. विकणाऱ्याने घराच्या दोषांचा तक्ता भरून द्यावा, नाही तर घेणाऱ्याला ५०० डॉलर सोडावेत, असा नियम होता. लोक ५०० डॉलर सोडत आणि गप्प बसत. ही पळवाट २०२४ मध्ये बंद झाली आणि पुराचे प्रश्न तक्त्यात आले.

फ्रान्सने २००३ मध्ये कायदा केला आणि तो २००६ पासून लागू झाला. घर विकताना किंवा भाड्याने देताना, ते पुराच्या क्षेत्रात असेल तर तसा कागद जोडावा लागतो, आणि तो सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. शिवाय या घराला आपत्तीबद्दल पूर्वी विम्याची भरपाई मिळाली असेल तर तेही लिहावे लागते. म्हणजे भिंतीवरची रेघ कागदावर आणली. कागद दिला नाही तर घेणारा व्यवहार मोडून मागू शकतो किंवा किंमत कमी करून मागू शकतो.

जपानची गोष्ट अलीकडची. २०१८ च्या जुलैमध्ये पश्चिम जपानात महापूर आला. कुराशिकी शहराच्या माबी या भागात पन्नासवर माणसे गेली. त्यांत म्हातारी माणसे जास्त. नंतर पाहिले तर जिथे पाणी चढले तो प्रदेश आणि सरकारने आधीच छापलेला पूरधोक्याचा नकाशा जवळजवळ तंतोतंत जुळत होता. नकाशा होता, तो कोणी बघितला नव्हता. ऑगस्ट २०२० पासून तिथे नियम झाला की घराच्या व्यवहारातल्या दलालाने करारापूर्वी तो नकाशा गिऱ्हाइकासमोर पसरायचा आणि तुमचे घर इथे आहे असे दाखवायचे. एवढेच. पण एवढे केले की 'मला माहीत नव्हते' हे कोणालाच म्हणता येत नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सांगणे हे वाटते तितके सोपे नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. त्यानंतर तिथे निळ्या-लाल रेषांचा प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा लोकांनीच विरोध केला. शहराचा मोठा भाग रेषांच्या आत जातो. रेषा आली की बांधकाम अडते, कर्ज अडते, जागेची किंमत पडते. आयुष्यभराची पुंजी ज्या घरात आहे, त्या घरावर उद्यापासून लाल शिक्का, हे कोणाला आवडेल? तो विरोध मला समजतो. माझ्या वडिलांचा चुनाही त्याच भीतीतून आला होता. सत्य सांगण्याचा सगळा खर्च एकट्या विकणाऱ्याने सोसायचा असेल, तर दहातले नऊ जण चुनाच लावतील. म्हणून सांगण्याची सक्ती करताना त्याच्यामागे विमा हवा, स्थलांतराची सोय हवी, घर उंच करून घ्यायला मदत हवी.

आणि काही लोकांना सांगून उपयोगही नसतो. ओढ्याच्या अंगावर झोपडी बांधणाऱ्याला पूर ठाऊक असतो. त्याला दुसरी जागा परवडत नाही, एवढेच. माहिती ही ज्याला निवड करता येते त्याच्या कामाची. बाकीच्यांसाठी घर द्यावे लागते.

पण ज्यांना निवड करता येते, त्यांनी तरी विचारायला हवे. कायदा बदलेल तेव्हा बदलेल; तोवर काय करता येईल ते सांगतो. घर पावसाळ्यात बघा, जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा. त्यावर जुने ओढे दाखवलेले असतात. महापालिकेत झोन दाखला मागताना पूररेषेबद्दल लेखी विचारा. जलसंपदा विभागालाही विचारा. इमारतीच्या पार्किंगमध्ये जाऊन विजेचे मीटर किती उंचीवर बसवले आहेत ते बघा. ते अलीकडेच वर सरकवलेले दिसले तर कारण विचारा. लिफ्ट आणि पाण्याचा पंप कुठे आहे ते बघा. कारण २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरले, तेव्हा वरच्या मजल्यावरचे फ्लॅट कोरडेच होते. पण खाली गाड्या बुडाल्या, वीज गेली आणि माणसांना बोटीतून बाहेर काढावे लागले. पुरापासून नुसता फ्लॅट उंच असून भागत नाही. आणि शेवटचे, सगळ्यांत सोपे: कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, वॉचमनला विचारा. त्यांना काही विकायचे नसते.

आता रेघेची राहिलेली गोष्ट.

चुन्याने रेघ जाते, पण गाळाचा डाग दगडात मुरलेला असतो. घर विकले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात भिंती ओलसर झाल्या आणि ती रेघ तिन्ही हातांमधून पुन्हा वर आली. एका संध्याकाळी ते नगरचे गृहस्थ आमच्या भाड्याच्या बिऱ्हाडी आले. आईने पाणी दिले. ते थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "अण्णा, भिंतीवर रेघ उठली आहे."

वडील खाली बघत म्हणाले, "तीन हात दिले होते चुन्याचे."

मला वाटले, आता भांडण होणार, पैसे परत मागणार. पण ते गृहस्थ तसे काही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "पाणी किती वेळात चढलं? वर जायला वेळ मिळतो का? धान्याच्या कोठ्या खाली ठेवू की माडीवर?"

वडिलांनी सगळे सांगितले. पाणी कोणत्या बाजूने आधी आले, मागच्या दाराचा कसा उपयोग नाही, कागदपत्रे कुठे ठेवावीत, कोणत्या गल्लीने वर निघावे. दोन तास ते बोलत होते. उठताना ते गृहस्थ एवढेच म्हणाले, "हे तेव्हा सांगितलं असतं तरी मी घर घेतलंच असतं, अण्णा. थोडं कमी दिलं असतं, एवढंच. पण वर्षभर माझी बायको खालीच निजत होती." तेव्हा त्यांच्या घरी तान्हे मूल होते.

पुढे कधीतरी त्या बाजूने जाताना वडिलांनी खिडकीतून बघितले. त्या गृहस्थांनी रेघेवर तांबडा ऑइलपेंट मारून घेतला होता आणि बाजूला तारीख लिहिली होती. ते घर आता नाही. तिथे इमारत झाली, खाली पार्किंग आहे. पुन्हा तेवढे पाणी त्या जागी आले नाही, आणि येऊ नये. पण वडील अखेरपर्यंत म्हणत, की मला पैसे कमी मिळाले असते तर लग्न साधेपणाने केले असते. त्या मुलाला काही झाले असते तर मी काय केले असते?

पूर येतो हे सांगितल्याने घर विकले जात नाही, ही आपली भीती. बऱ्याचदा ते विकले जातेच, किंमत थोडी उतरते आणि धान्याच्या कोठ्या माडीवर जातात. त्या रेघेचा उपयोग एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. पुढच्या वेळी तुम्ही घर दाखवायला कोणाला बोलवाल, किंवा बघायला कोणाकडे जाल, तेव्हा व्यवहाराच्या गोष्टींत एक प्रश्न जरूर काढा: इथे पाणी कुठवर आले होते? विकणारे असाल तर तो प्रश्न येण्याची वाट बघू नका.